केसपेपर संगणकात गेला, डॉक्टरांची नजर कुठे गेली?

रविवारी विहारात वंदना आटोपली की आया-बहिणी थोडा वेळ बसतात. बोलणे फिरून फिरून आजारपणावर येते. गेल्या वर्ष-दीड वर्षात त्या बोलण्यात एक तक्रार आम्ही वारंवार ऐकली. एका आजीने ती अशी सांगितली : "सकाळी सातला निघाले, खिडकीवर नंबर लावला, अकराला आत गेले. डॉक्टरनं वर मान करून बघितलं नाही. टकटक टकटक चालू. काय होतंय म्हणाला, मी सांगेपर्यंत गोळ्या छापून हातात आल्या. नाडीला हात नाही की छातीला नळी नाही."

दवाखाना सरकारी होता. त्याचे नाव लिहून उपयोग नाही, कारण आज कमीअधिक फरकाने हीच गोष्ट अनेक ठिकाणी घडते. जाड पुठ्ठ्याचा केसपेपर जाऊन संगणकातील नोंद आली. ती रुग्णाच्या भल्यासाठी आहे असे सांगितले गेले. मग रुग्णाला उलट का वाटते? या अंकात आम्ही याच प्रश्नावर लिहीत आहोत, आणि आमचे मत आधीच सांगून टाकतो. संगणकातील नोंद आपल्याला हवी आहे, इतरांपेक्षा जास्त हवी आहे. पण ती नोंद करण्यात डॉक्टरांचा जो वेळ जातो तो गरिबाच्या वाट्याच्या दोन मिनिटांतून कापला जाता कामा नये. यासाठी डॉक्टरांशी भांडून काही होणार नाही. डॉक्टरांचे टायपिंगचे ओझे कमी करा, ही मागणी आपण दवाखान्याकडे आणि शासनाकडे केली पाहिजे.

न पाहण्याची जखम जुनी आहे

डॉक्टरने पाहिले नाही हे दुखणे आपल्या समाजाला इतरांपेक्षा खोल का लागते, ते समजून घ्यायला हवे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसाची मध्यस्थी झाली, फी ठरली, तेव्हा तो आला. पण बाईला वस्तीबाहेर आणा ही अट घालून. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने पत्नीच्या. त्याच वाटेने ते परत आले. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा वाचला, न्यूमोनिया आहे म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा बोलावले तर आला नाही. ती माउली गेली.

त्या डॉक्टरने शरीराचा आकडा पाहिला, बाई पाहिली नाही. ही हकीकत ज्यांच्या घरात वाचली गेली आहे, त्यांना आजच्या तपासणी खोलीत पडद्याकडे तोंड करून बसलेला डॉक्टर पाहिला की पोटात कालवाकालव होते.

तरीही दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. दवाखान्यांतून जात गेली असे आम्ही म्हणणार नाही. आडनाव ऐकून बदलणारे चेहरे आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण आजच्या त्या तरुण डॉक्टरची मान खाली असते त्याचे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. बाहेर शंभर-सव्वाशे माणसे उभी असतात. प्रत्येकासाठी चार-पाच पाने उघडावी लागतात. इंटरनेट मधेच थांबते. नोंद पूर्ण केल्याशिवाय औषधाची चिठ्ठी निघत नाही. आपल्याच वस्तीतील मुलगे-मुली आज डॉक्टर, नर्स, लॅब टेक्निशियन म्हणून त्याच खुर्च्यांवर बसतात, आणि त्यांची तक्रारही हीच आहे : माणसांसाठी शिकलो आणि दिवसभर पडद्यापुढे बसतो.

हा त्रास फक्त आपल्याकडचा नाही

अमेरिकेने २००९ साली कायदा करून आणि मोठा पैसा ओतून दवाखान्यांतील नोंदी संगणकावर आणल्या. सात वर्षांनी, २०१६ साली, तिथल्या चार राज्यांतील ५७ डॉक्टरांचे दिवसभर निरीक्षण करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णासमोरच्या प्रत्येक एका तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणकावर आणि कागदोपत्री कामात जात होते. शिवाय रात्री घरी एक-दोन तास वेगळे.

आपल्याकडे तर मुळात वेळच थोडा. २०१७ साली ६७ देशांतील माहिती एकत्र करणारा एक अभ्यास आला. प्राथमिक तपासणीत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतो, हे त्यात मोजले होते. स्वीडनमध्ये २२ मिनिटांहून जास्त, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात सुमारे दोन मिनिटे. ज्याच्याकडे २२ मिनिटे आहेत त्याची दोन मिनिटे टायपिंगमध्ये गेली तर चालते. आपल्याकडे तेवढ्यात सगळेच संपते.

मग संगणक उचलून फेकून द्यावा का? काही जण तसे म्हणतात. त्यांना आम्ही जुन्या कागदांची आठवण करून देतो. पावसाळ्यात घरात पाणी शिरले की पहिली भिजते ती पत्र्याच्या पेटीखालची रिपोर्टची पिशवी. एक्स-रेची फिल्म उंदीर कुरतडतात. गावाहून शहरात, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जाताना निम्मे कागद मागे राहतात. दवाखान्यात गेले की "जुना पेपर कुठाय?" म्हणून ओरडा खायचा आणि तीच रक्ततपासणी पुन्हा करायची.

पैसेवाल्या घरांना फॅमिली डॉक्टर असतो. तुमच्या वडिलांना साखर होती, तुम्हाला सल्फाची गोळी चालत नाही, हे त्याला तोंडपाठ असते. आपल्याला दर खेपेला नवा डॉक्टर भेटतो. या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरा. म्हणून आपली नोंद हाच आपला फॅमिली डॉक्टर. ती पुसट, अपुरी किंवा चुकीची असेल तर आपल्याला ओळखणारे तिथे कोणीच नसते.

नोंदीवर जीव अवलंबून असतो तेव्हा

दोन उदाहरणे घेऊ. पहिले क्षयरोगाचे, म्हणजे टीबीचे. वस्तीतील दाटीवाटीच्या घरांना हा आजार नवा नाही. टीबीच्या रुग्णांसाठी २०१२ पासून 'निक्षय' ही देशभराची संगणकीय नोंद आहे. प्रत्येक रुग्णाला तिचा क्रमांक मिळतो. मुंबईत औषध सुरू झालेला माणूस गावी गेला तरी त्या क्रमांकावरून तिथल्या केंद्राला त्याचा औषधोपचार कळू शकतो आणि खंड पडत नाही. पोषण आहारासाठी मिळणारी रक्कम याच नोंदीवरून बँक खात्यात येते. २०१८ साली ती महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. म्हणजे नोंद नीट केली तर औषधही मिळते आणि घासही. आणि नोंदीत खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला, तर दोन्हीसाठी खेटे.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. विदर्भातील आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो, हे आपण लपवून ठेवण्याचे कारण नाही. ज्याला आई आणि वडील दोघांकडून हा दोष मिळतो तो रुग्ण, म्हणजे 'एसएस'. एकाकडूनच मिळाला तर वाहक, म्हणजे 'एएस'. त्याला सहसा त्रास नसतो. सिकलसेलच्या रुग्णाला रात्री हाडे फोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात, ताप येतो, आणि घरचे त्याला कॅज्युअल्टीत नेतात. समोरच्या नव्या डॉक्टरला 'एसएस' हे पहिल्या क्षणी कळले तर सलाईन, वेदनाशामक, गरज पडल्यास ऑक्सिजन हे सगळे वेळेत सुरू होते. कळले नाही तर दुखण्याचे नाटक करतो असा शेरासुद्धा ऐकावा लागतो. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे. तपासणी चांगलीच आहे. पण तपासणीचा निकाल एका पोर्टलवर आणि कॅज्युअल्टीतला पडदा दुसऱ्याच यंत्रणेचा, असे असेल तर त्या रात्री त्याचा काय उपयोग?

यातूनच कळते की चांगली नोंद म्हणजे खूप नोंद नव्हे. जीव वाचवणाऱ्या चार गोष्टी पडद्याच्या डोक्यावर हव्यात : जुने आजार, चालू औषधे, न चालणारी औषधे, रक्तासंबंधीचा इशारा. बाकी सगळे त्याखाली. आज अनेकदा हे उलटे असते. पत्ता, पिन कोड आणि योजनेचा प्रकार वर, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी सातव्या पानावर.

डॉक्टरांचा वेळ वाचेल कसा?

हवाई बेटांवरील 'हवाई पॅसिफिक हेल्थ' या रुग्णालय समूहाने २०१७ साली एक साधी गोष्ट केली. आपल्या डॉक्टर-नर्सना विचारले, संगणकावर तुम्हाला कोणती कामे निरर्थक वाटतात ते सांगा. सूचनांचा पाऊस पडला. त्यातील एक अशी : दर तासाच्या फेरीची नोंद करताना नर्सला एक जादा क्लिक करावी लागे. एका क्लिकला २४ सेकंद. ती काढून टाकली, आणि चार रुग्णालयांत मिळून नर्सचे महिन्याला सुमारे १७०० तास वाचले. नवीन यंत्र घेतले नाही, कोटींचे टेंडर काढले नाही. जी बाई काम करते तिला विचारले, एवढेच.

आपल्याकडे विचारण्याची ही पद्धत नाही, त्याचा परिणाम महाराष्ट्राने पाहिला आहे. २०२१ साली राज्यातील हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. ते गरम होत, बंद पडत, त्यांची साठवण भरून जाई, आणि माहिती भरायचे अ‍ॅप इंग्रजीत. त्या सेविकांमध्ये आपल्या वस्तीतील भगिनी कमी नव्हत्या. त्या कामचुकार नव्हत्या. काम करता येईल असे साधन द्या एवढेच त्यांचे म्हणणे होते. आशाताई आणि नर्सबाईंना आजही एकच माहिती आधी रजिस्टरात आणि मग मोबाइलवर भरावी लागते, हे आपण रोज पाहतो.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत :

१. संगणकावर नोंद आली की तीच माहिती लिहायचे रजिस्टर बंद करा. एका माहितीसाठी एकदाच लिहिणे.

२. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरशेजारी नोंद करणारा मदतनीस द्या. डॉक्टरने बोलावे, तपासावे. मदतनिसाने टाइप करावे. शेवटी डॉक्टरने वाचून मान्यता द्यावी. वजन, बीपी, साखर आधीच नर्सने मोजून नोंदवलेली असावी. वस्तीतील बारावी-पदवी झालेल्या मुलामुलींना प्रशिक्षण देऊन हे काम देता येईल. गुप्तता पाळण्याची शिकवण मात्र त्यात पहिली हवी.

३. नेहमीच्या आजारांसाठी तयार नमुने ठेवा. साखर, बीपी, दमा, गरोदरपण यांच्या तपासणीत दर वेळी कोऱ्या पानापासून सुरुवात का? औषधांच्या यादीत दवाखान्यात असलेली औषधे वर दिसावीत. रक्ताचा रिपोर्ट लॅबमधून थेट डॉक्टरच्या पडद्यावर यावा. रुग्णाने तो हातात घेऊन तीन मजले चढू नयेत.

४. इशाऱ्यांच्या घंटा मोजक्या ठेवा. प्रत्येक औषधाला लाल चौकट येऊ लागली की डॉक्टर न वाचता ती बंद करायला शिकतो, आणि खरा धोका त्यातच निसटतो.

५. डॉक्टर-नर्सना शिकवायचे तर एका दुपारचे भाषण नको. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच कामावर, पहिले काही आठवडे शेजारी बसून शिकवणारा माणूस हवा. आणि दर तीन महिन्यांनी त्यांना विचारा : काय अडते?

६. यंत्रणा बंद पडली तर कागदावर काम कसे चालेल हे आधी ठरलेले असावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा त्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने लिहून काम चालवावे लागले. "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" हे उत्तर रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला देता येणार नाही.

आणि खोलीतली खुर्ची-टेबलाची मांडणी? यालाही पैसे लागत नाहीत. पडदा डॉक्टर आणि रुग्ण दोघांना दिसेल असा तिरका ठेवला, की डॉक्टरची पाठ रुग्णाकडे होत नाही. "तुमची मागच्या महिन्याची साखर ही बघा, आता ही" असे बोट दाखवून सांगता येते. मग तोच संगणक दोघांचा होतो.

आपण काय करायचे?

मागण्या केल्या म्हणजे आपली जबाबदारी संपली नाही. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची गोष्ट आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर ठेवले. ही गोष्ट आपल्याला माहीत असते. पण त्याच प्रकरणात पुढे बुद्धांनी ज्याची शुश्रूषा सोपी जाते असा रुग्ण कोणता, तेही सांगितले आहे. तो आपल्याला मानवेल तेच करतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, आणि आपला आजार आहे तसा सांगतो : वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे सांगणे आजच्या ओपीडीतही लागू पडते.

डॉक्टरच्या दोन मिनिटांपैकी निम्मा वेळ पिशवीतून रिपोर्ट शोधण्यात जातो, हे आपणही मान्य करू. म्हणून आम्ही सुचवतो की घरातील प्रत्येक आजारी आणि वयस्कर माणसाचे एक पान तयार ठेवावे. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीने मोठ्या अक्षरात लिहावे :

नाव आधार कार्डावर आहे तसेच, वय, दवाखान्याचा नोंदणी क्रमांक. कोणते आजार, केव्हापासून. सध्या चालू असलेली सगळी औषधे; खाजगी डॉक्टरची, मेडिकलवरून घेतलेली, झाडपाल्याचीसुद्धा. कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला. ऑपरेशन किंवा अ‍ॅडमिट केव्हा. शेवटची साखर, बीपी, क्रिएटिनिन, तारखेसह. सिकलसेलची तपासणी झाली असल्यास निकाल. आणि शेवटी आजची तक्रार : काय, किती दिवस, वाढते की उतरते.

क्रिएटिनिन का, असे कोणी विचारेल. साखर आणि बीपीच्या माणसाच्या किडनीची स्थिती त्यावरून कळते. ते वाढलेले असताना सांधेदुखीवर नाक्यावरून घेतलेली वेदनाशामक गोळी किडनीला धोक्याची ठरते. ही एक ओळ डॉक्टरला दिसली तर गोळी बदलते.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या एकेका आडनावाची इंग्रजी स्पेलिंगे तीन-तीन. जुन्या माणसांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून. एकाच नावाची, एकाच तारखेची माणसे यादीत रांगेने दिसतात, आणि खिडकीवरचा माणूस घाईत नवीनच नोंद उघडतो. मग तुमची निम्मी माहिती एका क्रमांकात आणि निम्मी दुसऱ्यात. म्हणून जुना क्रमांक न्या, नाव सगळीकडे एकाच पद्धतीने सांगा, आणि बाहेर पडण्यापूर्वी छापील कागदावरील नाव, वय, औषध वाचून घ्या. घाईत जुनीच नोंद पुन्हा चिकटवली जाते आणि बंद झालेले औषध कागदावर तसेच राहते. ते आपल्याच लक्षात येऊ शकते.

नंबर द्यायचा, पण डोळे उघडे ठेवून

सप्टेंबर २०२१ पासून देशभर आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू आहे. त्यात 'आभा' नावाचा १४ अंकी क्रमांक मिळतो. वस्तीत त्याबद्दल बराच गोंधळ आहे. आभा कार्ड आणि पाच लाखांच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड हे एक नव्हे. आभा हा नोंदी जोडणारा क्रमांक आहे; त्यातून पैसे मिळत नाहीत. त्याचा एक उपयोग मात्र लगेच कळतो : अनेक सरकारी रुग्णालयांत भिंतीवरील क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की नाव-वय आपोआप जाते, टोकन मिळते, खिडकीवरची रांग टळते आणि स्पेलिंगची चूकही.

हा क्रमांक ऐच्छिक आहे. तुमची नोंद दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची तर तुमची संमती लागते आणि ती मागे घेता येते. "आभा नाही तर तपासणार नाही" असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नका. दुसरीकडे, कोणी मोबाइल मागून भराभर ओटीपी टाकून घेत असेल तर कशासाठी, ते विचारा. ओटीपी देणे म्हणजे अंगठा देणे. आपल्या आजा-पणज्यांचे अंगठे कोणत्या कागदांवर उमटवून घेतले गेले, हे आपण विसरलेलो नाही.

स्त्रियांबाबत आणखी एक सांगायचे आहे. घरात एकच मोबाइल, तो नवऱ्याचा किंवा मुलाचा. बाईच्या नोंदीचे सगळे संदेश त्यावर जातात. गर्भनिरोधन, गर्भपात, मानसिक आजार, एचआयव्ही. यातले काही तिला घरात सांगायचे नसेल तर तो तिचा अधिकार आहे. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने गुप्ततेचे संरक्षण दिले आहे. शक्य असेल तिथे बाईची नोंद तिच्या स्वतःच्या क्रमांकावर व्हावी. सिकलसेलचा निकालही लग्नाच्या बाजारात मुलीला नाकारण्यासाठी वापरला जाता कामा नये. लग्नाआधी मुलामुलीने दोघांनी तपासणी करून समजून घ्यावे : दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे ज्ञान निर्णय घेण्यासाठी आहे, कलंक लावण्यासाठी नाही.

नोंद दवाखान्यात असली तरी माहिती आपली आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. अ‍ॅडमिट झालेल्यांनी घरी येताना डिस्चार्ज कार्डासोबत रिपोर्टच्या प्रती मागून घ्याव्यात.

मागणी कुठे करायची?

सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. शहरी वस्त्यांत राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाखाली पन्नास ते शंभर घरांमागे महिला आरोग्य समिती असते. आपल्या वस्तीची समिती आहे का, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे आशाताईंना विचारा. त्या बैठकीत औषधांचा तुटवडा मांडतो तसाच हा विषयही मांडा : ओपीडीत मदतनीस द्या, पडदा तिरका लावा, दुहेरी लिखाण बंद करा. सोबत त्या दवाखान्यातील नर्स आणि निवासी डॉक्टरांनाही घ्या. या प्रश्नावर ते आणि आपण एकाच बाजूला उभे आहोत.

आणि विहारातील तरुण मंडळींना आमची विनंती आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर दोन तास काढा. वस्तीतील साठीपुढच्या प्रत्येकाचे ते एक पान लिहून द्या. पेन, कागद आणि प्लास्टिकचे पाकीट, याहून जास्त खर्च नाही.

ज्या आजीची तक्रार आम्ही सुरुवातीला सांगितली, तिचे पान एका नववीतल्या मुलीने लिहिले. पुढच्या खेपेला आजीने ते टेबलावर ठेवले. डॉक्टर दुसराच होता. त्याने पान वाचले, एक गोळी बंद केली, आणि मग खुर्ची तिच्याकडे वळवून विचारले, "आजी, पायाला सूज केव्हापासून आहे?" सूज पानावर लिहिलेली नव्हती. ती त्याला दिसली होती.